प्लास्टरचा जबडा

“आई, जबडा गेला.”

फोनवर सुनेचा आवाज इतका बारीक होता, की कुणाचा जबडा तेच सासूबाईंना आधी कळेना. कळलं तशी त्यांनी नातीला कडेवर घेतलं आणि दवाखाना गाठला.

सासूबाई आपल्या देशात फौजदार होत्या, सून दातांची डॉक्टर. इथे दोघींच्या शिक्षणाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. एक नात सांभाळत होती, दुसरी रुग्णाच्या तोंडातली लाळ ओढायची नळी धरत होती. आज दुपारी सुनेला स्वतः दात कोरलेला प्लास्टरचा जबडा परीक्षक मंडळापुढे ठेवायचा होता. तो पसंत पडला तर ती इथेही डॉक्टर. संधी शेवटची, आणि दवाखान्याच्या कपाटातून जबडाच नाहीसा.

काउंटरवरची बाई नखं रंगवत होती.

“कपाट कोण उघडतं?”

“आतले. मी सकाळपासून फोन सोडून हललेले नाही, विचारा तुमच्या सुनेला. आणि तिकडच्या पदव्या फडताळात अंथरायला बऱ्या, हे मी तिला आधीच सांगितलं होतं.”

सुनेनं मान डोलावली. बाई खरंच हलली नव्हती.

डॉक्टरसाहेब मधाळ निघाले. पोर मला मुलीसारखी आहे, म्हणाले; थांबेल आणखी थोडं, काय बिघडलं? नातीनं खुळखुळा पुढे केला, तरी त्यांचे हात कोटाच्या खिशातून बाहेर आले नाहीत.

आतल्या खुर्चीवर एक आजोबा आडवे होते, डोळ्यांवर कागदी रुमाल.

“आज निळा टॉवेल नाही वाटतं,” ते कुरकुरले. “डॉक्टर स्वतः घालतात हो डोळ्यांवर, दिवा लागू नये म्हणून. हात मात्र काय हलका त्यांचा!”

“पाहिलाय कधी तो हात?”

“डोळे झाकल्यावर काय दिसणार, बाई?”

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. डॉक्टरचं स्टूल, दात कोरायचं यंत्र, सगळं खुर्चीच्या डाव्या अंगाला. सून नातीला डाव्या हातानं भरवते म्हणून त्या रोज टोकायच्या. आज त्यांनी जीभ चावली.

नात सुनेकडे दिली, हातमोजा चढवला आणि कोपऱ्यातल्या रक्ताळल्या कापसाच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी निळा टॉवेल लागला. त्यात जबडा, धड.

“बाहेरची बाई आत आलीच नाही,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “आणि हा टॉवेल तुमच्याच हातातला. जबडा फोडला असता तर आवाज झाला असता. कचऱ्याबरोबर मुकाट गेला असता. कशासाठी? तर या खोलीतला हलका हात डावरा आहे. तुम्ही रुग्णाचे डोळे झाकता, काम ही करते, नाव तुमचं होतं. ही पास झाली, तर तुमच्यापाशी उरतं काय?”

“अनुभवाचं पत्र देतो म्हणाले होते,” सून पुटपुटली.

डॉक्टर हिरड्या दाखवत हसले. “करा ना तक्रार. परवान्याशिवाय काम तिनं केलंय. आधी तीच बुडेल.”

पिशवीत हात घालताना आली नव्हती एवढी किळस सासूबाईंना आता आली. जन्मभर चोर पाहिले, पण आपण चोर आहोत एवढं तरी ते जाणून असायचे. हा तर मुलीसारखी म्हणत होता.

सुनेनं जबडा पदरच्या लेकरासारखा छातीशी धरला. “मंडळाला मीच सांगेन,” ती म्हणाली. “सगळं. बुडाले तर बुडाले.”

सासूबाईंनी तिच्याकडून नात घेतली आणि जाता जाता आजोबांच्या डोळ्यांवरचा रुमाल काढला.

“आता बघा, आजोबा. आज डॉक्टर स्वतः करतील.”

कोटाच्या खिशातून हात निघाला. यंत्रापर्यंत पोचेतो तो पानासारखा थरथरत होता.

आजोबांनी तो हात पाहिला, आणि उघडलेलं तोंड घट्ट मिटून घेतलं.