खालचा पाना

गंजलेला बोल्ट आणि रुसलेला माणूस यांच्यावर जबरदस्ती करायची नाही, असं तिचे बाबा म्हणायचे. दोघेही तुटतात, पण सुटत नाहीत. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. आपल्याला कुणी काढायला आलंय याचा त्याला पत्ताच लागता कामा नये.

बाबांच्या मागे त्यांची गाड्या दुरुस्तीची शेड तीच चालवत होती, आणि त्या रविवारी काम तसं साधं होतं. एका हौशी गिऱ्हाइकाने भंगारातून उचललेला जुना ट्रक शेडच्या मधोमध उभा होता. कित्येक वर्षं रानगवतात उभं राहून त्याचा मूळ रंग कोणता, हेही आता सांगता येत नव्हतं. चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, हात घालायचा तर आधी केबिन उचलायला हवी, आणि केबिन बसलेली सहा लांब बोल्टांवर. पुढचे दोन आदल्या आठवड्यातच मान मोडून मोकळे झाले होते. मागे राहिलेल्या थुटक्यांवर नट वेल्ड करून शेजारच्या वेल्डरकाकांनी ती कशीबशी उपटली होती. घाम पुसत ते म्हणाले होते, "पोरी, हा नुसता गंज नाही गं. खालून कुणी धरून बसल्यागत आहे."

"मग त्यालाही चहा सांगते," ती म्हणाली होती.

राहिलेल्या चौघांना ती येता-जाता डिझेल पाजत होती, हातोडीने डोक्यावर टिचक्या मारत होती. शेडमध्ये तिचा हात कधी थरथरायचा नाही. घरची गोष्ट वेगळी. ट्रकखाली बिनघोर आडवी होणारी ही बाई, सात महिन्यांची पिटुकली शिंकली की डॉक्टरांचा नंबर शोधायला लागायची. मुलगी झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायचं, त्या बोटाने ती जागी झाली की 'ही झोपतच नाही हो' म्हणून आपणच रडायला बसायचं. सासूबाई म्हणायच्या, "ठेव गं तिला माझ्यापाशी. तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय. जगला ना तो?" तरी तिचा जीव होत नव्हता. म्हणून त्या दिवशीही बाबागाडी, दुपटी, दूध असा सगळा संसार घेऊन ती शेडवर आली होती.

त्यावरून सकाळीच नवऱ्याशी वाजलं होतं.

"ग्रीसच्या वासात मूल ठेवतात का कुणी?"

"मी ग्रीसच्या वासातच वाढलेय."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला होता, आणि दुपारी मदतीला येतो असं तोंड फिरवून सांगून निघून गेला होता.

मदत लागणारच होती. बोल्टाचं डोकं वर, केबिनच्या तळात. नट खाली, चासीच्या पोटात. वरून फिरवायचा तर खाली कुणीतरी चाकं लावलेल्या फळीवर उताणं सरकून नट पान्यात अडकवून धरावा लागतो. नाहीतर बोल्ट आणि नट दोघं मिळून नुसते गोल फिरत बसतात. वरचा म्हणतो 'धर', खालचा म्हणतो 'धरलंय'. खालच्याला बोलायची सोय नसेल तर तो चासीवर पान्याने दोनदा ठोकतो. बाकी बोलायची गरजच पडत नाही.

दुपार ढगाळ होती. पत्र्यातून येणारा उजेड राखेसारखा. बाजूची दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुलगी जवळ असल्यामुळे तिने बोल्ट तापवायची गॅसची बत्ती पेटवली नव्हती. पिटुकली कोपऱ्यात बाबागाडीत झोपली होती, आणि ती केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून पान्याला लांब पाइप चढवत होती. डिझेल आणि जुन्या लोखंडाचा ओला, रक्तासारखा वास तळातून वर येत होता.

खाली फळीची चाकं करकरत सरकली.

"आलास?" तिने विचारलं.

खाली पाना जमिनीवर घासला. राग अजून गेलेला दिसत नाही, तिच्या मनात आलं. बरंच आहे, काम तरी होईल.

"बरं. उजवीकडचा, पहिला. धर."

टक टक.

ती गालात हसली. ही खूण त्याला शिकवून शिकवून ती थकली होती, आणि आज रुसव्यात बरी आठवली. तिने पाइपावर भार टाकला. आधी किंचित आवळलं. मग उलटं. बोल्ट कण्हला, थरथरला, आणि सुटला. खालचा पाना तसूभरही हलला नाही. एरवी नवरा धरायला असला की पाना निसटायचा, बोटं सोलली जायची आणि मग शेजारपाजारला ऐकू जाईल असा आक्रोश. आज मात्र धरणं म्हणजे धरणं.

"वा. आज हात बसला की तुझा," ती म्हणाली. "पुढचा. धर."

टक टक.

दुसरा आला. तिसराही आला, लोण्यातून सुरी यावी तसा. तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बाबा गेल्यापासून इतकं जुळून काम झालं नव्हतं. चौथ्याला पाना लावणार, एवढ्यात कोपऱ्यातून कुरकुर ऐकू आली. पिटुकली उठली होती. आईचे हात कोपरापर्यंत काळे.

"अरे, बघ ना जरा तिला," ती वरूनच म्हणाली. "उचल. आणि नीट धर हं, घट्ट. मी सांगेपर्यंत सोडू नको."

फळी करकरली. कुरकुर मध्येच थांबली, कुणी तोंडावर मऊ हात ठेवावा तशी.

"घेतलीस ना?"

टक टक.

ती बोल्टाकडे वळली. आणि शेडच्या मोठ्या दारावर बाहेरून थाप पडली.

"अगं, कडी काढ ना." नवऱ्याचा आवाज. "केव्हाचा उभा आहे. आतून लावून काय बसलीस?"

कडी तिनेच लावली होती. भटकी कुत्री आत शिरतात, मुलगी सोबत आहे, म्हणून आल्या आल्या लावली होती.

तिच्या हातातला पाइप गळून पडला. केबिनमधून ती उतरली की पडली, तिचं तिला कळलं नाही. बाबागाडी रिकामी होती. दुपटं नीट घडी घालून ठेवलेलं.

"पिटू..." ती जमिनीवर पालथी झाली आणि ट्रकखाली पाहिलं.

मुलगी तिथे होती. चाकाच्या फळीवर नव्हती. फळीच्या वीतभर वर होती. अंधारात, अधांतरी. तिचं झबलं दोन्ही बगलांपाशी आत दाबलं गेलं होतं, बोटांच्या जाडीच्या घड्या पाडत. ती रडत नव्हती. आईकडे बघतही नव्हती. आपल्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असलेल्या कशाकडे तरी ती टक लावून बघत होती, आणि मधूनच तिच्या कपाळावरचं जावळ हलत होतं. कुणी श्वास सोडावा तसं.

आई सरपटत आत गेली, मुलीला धरलं आणि ओढलं.

मुलगी आली नाही. जराही नाही. तिने पुन्हा ओढलं, होता नव्हता तो जोर लावून. पिटुकलीचा चेहरा आक्रसला, ओठ निळसर पडले. बाहेर नवरा दार बडवत होता, "काय चाललंय आत? अगं..."

आणखी जोर लावला तर काय होईल, हे तिच्या हातांना माहीत होतं. त्या हातांनी आयुष्यभर जाम झालेल्या वस्तू ओढल्या होत्या. जोराने काय होतं, ते आदल्या आठवड्यातली दोन थुटकी सांगत होती. तिच्यातली आई ओढतच होती. तिच्यातल्या मिस्त्रीने त्या आईच्या हातावर चापट मारली.

तिने श्वास घेतला. बोटांची पकड सैल केली. आणि मग जगातली कुठलीही आई करणार नाही ते केलं. मुलीला आपल्याकडे न ओढता तिने अंधाराकडे ढकललं. अगदी किंचित. बोटभर.

घे. तुझीच आहे, जणू तिचे हात म्हणत होते.

बगलेतल्या घड्या सैल पडल्या.

"झालं," ती म्हणाली. रोज शेडमध्ये जसं म्हणायची, तसंच सपाट. "सोड."

सात महिन्यांचं वजन धपकन तिच्या ओंजळीत आलं, आणि पिटुकलीने टाहो फोडला. इतकं गोड रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

नवऱ्याला तिने रात्री सगळं सांगितलं. तो कॉलेजात शिकवायचा; त्याने ऐकून घेतलं, तिच्या कपाळावर हात ठेवला, तू फार दमतेस म्हणाला. ती वाद घालत बसली नाही. पण ट्रक शेडमध्ये राहू द्यायचा नाही, एवढं तिने ठरवलं होतं. एकाच बोल्टावर अडकलेली केबिन उतरवल्याशिवाय तो ओढून नेता येणार नव्हता.

तीन दिवसांनी भर सकाळी ती गेली. या वेळी सगळं नीट. पिटुकली घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, सासूबाईंच्या देखरेखीत. शेडची दारं सताड उघडी. वेल्डरकाका दारात स्टूल टाकून बसलेले. ट्रकखाली लख्ख दिवा, आणि त्या दिव्यात तिचा नवरा, हाडामांसाचा, आत्ताच बोट सोलल्यामुळे कण्हणारा.

"धर," ती वरून म्हणाली.

"धरलंय गं."

"घट्ट. मी सांगेपर्यंत सोडू नको."

किंचित आवळलं, मग उलटं. बोल्ट सुटला. वेल्डरकाकांनी दारातूनच टाळी वाजवली. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसली. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"कामात आहेस का गं?" सासूबाई. आवाज दबका, कुणी झोपलेलं असावं तसा.

"बोला ना आई. काय झालं?"

"काही नाही. म्हणजे... पिटू छान आहे. खेळतेय पलंगावर. हसतेय सुद्धा..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मी तिला दूध पाजायला घेत होते. अगं, मला ती उचलताच येत नाहीये."

खाली नवरा म्हणाला, "काय गं? सोडू का?"

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. आवाज तिने हलू दिला नाही.

"आई, तिला ओढू नका. अजिबात नाही. फोन स्पीकरवर टाका आणि तिच्याजवळ ध..." तिने जीभ चावली; हाच शब्द ती आत्ताच एकदा बोलून बसली होती. "तिच्याजवळ ठेवा. आणि तुम्ही मागे सरका."

गादीवर फोन ठेवल्याचा मऊ आवाज आला. पिटुकलीचं बोबडं हुंकारणं आलं. आणि त्याच्याही मागे, अगदी जवळ, संथ, मोठा श्वास.

"झालं," ती फोनमध्ये म्हणाली. "सोड."

मग पलीकडे, सासूबाई काही बोलायच्या आधी, फरशीवर एक जड लोखंडी पाना अलगद खाली ठेवल्याचा आवाज आला.

आणि हत्यारं ती कधीच घरी नेत नसे.