पंख्यातली दाढ

दिवा जरा माझ्याकडे ओढा. तोंड उघडून तुम्हाला एक वस्तू दाखवायची आहे, पण ती शेवटी. आधी ऐका.

माझ्या गप्पांतलं निम्मं खोटं असतं असं आमची बायको चारचौघांत सांगते, आणि ती फारशी चुकत नाही. प्रिंटरमध्ये चिरडलेल्या पालीला मी दोन तारा लावून पुन्हा चालवलं, ही बातमी मीच पसरवली होती. ही गोष्ट मात्र मी रंगवून सांगत नाही. रंगवायची म्हणजे तिच्यात पुन्हा हात घालावा लागेल, आणि तो हात मी अजून धुतोय.

माझं दुकान तळघरात आहे. आठ पायऱ्या उतरायच्या, डावीकडे लाँड्री, उजवीकडे मी. लाँड्रीच्या यंत्रांची घरघर दिवसभर भिंतीतून येते आणि साबणाच्या वाफेने माझ्या टेबलावरचं भिंग सारखं धुरकटतं. दुपारचे अडीच वाजले असतील. मी हात पुसून डबा सोडणार, तेवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस विंचरायचे राहिलेले, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. आधी मला वाटलं, तान्हं मूल आहे. तसंच धरलं होतं त्यांनी, एक हात खाली आणि एक हात मागे.

टॉवेल सोडला तर आत लॅपटॉप.

“भाऊ, हा अचानक बंद पडला. चालूच होत नाही,” त्या म्हणाल्या. “सहाच्या आत व्हायला हवा.”

सगळ्यांनाच सहाच्या आत हवा असतो. मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, की डॉक्टरकडे पेशंट आणि माझ्याकडे लॅपटॉप, दोन्ही उशिराच आणतात लोक. बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. सांगताना त्यांची नजर लॅपटॉपवरून हलत नव्हती.

त्यांच्या थोरल्या बहिणीचा दीड वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तेव्हापासून ताई जे काही बोलायच्या ते या लॅपटॉपवर टाइप करायच्या आणि तो मोठ्याने वाचायचा, बायकी, सपाट आवाजात. दिवसरात्र मांडीवर. जेवतानासुद्धा दोन्ही हात त्याच्यावरच, त्यामुळे भरवायचं काम या धाकटीचं. दुधात कुस्करलेला पाव, त्यातच गोळ्या कुटून, रोज तीन वाट्या. आणि तीन वाट्या खाऊनही ताई वाळत गेल्या. चार दिवसांपूर्वी गेल्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की बाई उपासमारीने गेल्या, पोटात काही नव्हतं.

“शेवटच्या दिवशी आमचा दादा आलेला,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासमोर ताईने टाइप केलं. मशीन बोललं... धाकटी मला उपाशी. एवढंच. आणि बंद पडलं. त्याच मिनिटाला ताईपण...”

पुढचं वाक्य कोणीही पूर्ण केलं असतं. दादांनी केलंच होतं. धाकटी मला उपाशी ठेवते. ते संध्याकाळी सहाला येणार होते, इथेच, माझ्या दुकानात. वाक्याचा उरलेला भाग ऐकायचा, नाहीतर डॉक्टरांचा कागद घेऊन थेट पोलिसांत जायचं, असं त्यांनी सख्ख्या बहिणीला फोनवर सुनावलं होतं.

“मी भरवलंय हो,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांसमोर गिळायची ती. घास खाली जाताना दिसायचा.”

मी डबा बाजूला सारला आणि कामाला लागलो.

लॅपटॉप चालू होत नसेल तर आधी बाहेरून सुरुवात करायची. अडॅप्टर मीटरवर लावून पाहिला, ठणठणीत. आपला दुसरा लावला, चार्जिंगचा दिवा लागेना. पिन हलवली, बटण दाबून धरलं, मग पंखा हुंकार देतो का ऐकायला कान टेकवला. पंखा गप्प होता, पण आत काहीतरी होतं. तुम्ही झोपलेल्या माणसाशेजारी पडला असाल तर तो आवाज ओळखाल. लाळ गिळल्याचा आवाज. मी कान काढला आणि स्वतःला सांगितलं, लाँड्रीतला पाइप असेल.

मग उलटा करून स्क्रू काढायला घेतले. पहिल्या तीन स्क्रूंना काही झालं नाही. चौथा निघाला आणि भोकातून वास आला. नासलेलं दूध, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास. सकाळी उठल्यावर स्वतःच्या तळहातावर फुंकर मारून बघा, तो. तोंडाचा. तोसुद्धा माझा नव्हे, परक्या माणसाचा.

कीबोर्ड सुटेना. पात्याने कडेकडेने उचकटत गेलो, तेव्हा ओल्या जखमेवरची खपली सुटावी तसा तो चिरचिरत वर आला. त्याच्या खालून धागे ओढले गेले. पांढरट, चिकट, तुटता तुटेनात असे. आणि खाली, जिथे हिरवा बोर्ड दिसायला हवा, तिथे राखाडी लगदा गच्च बसवलेला होता. कोपऱ्याकोपऱ्यात, बोटाने चेपून भरावा तसा. त्यात गुलाबी कण होते.

बाई उठून वाकल्या. नाकाला पदर लावायचंही त्यांना सुचलं नाही.

“या तिच्या गोळ्या,” त्या म्हणाल्या. “भाऊ, हे मी भरवलेलं आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय आलं ते सांगू? आनंद. मी नाक दाबून मागे सरकलेलो, आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाणी, कारण सगळ्या वाट्या तिथे होत्या.

मी चिमट्याने एक गोळा उचलला. तो कोमट होता. चार दिवस बंद पडलेलं मशीन, आणि आतला घास कोमट. भिंगाखाली धरला तर त्यावर खाचा होत्या, शेजारीशेजारी, अर्धगोल. दातांच्या. कोणीतरी तो पाव सावकाश चावला होता, चोथा केला होता, आणि गालात सारून ठेवतात तसा बाजूला सारला होता.

दादा सहाऐवजी पाचलाच आले. उंच, ओढलेल्या चेहऱ्याचे, हातात कागदाची घडी. तिसऱ्या पायरीवरच त्यांनी रुमाल नाकाला लावला. टेबलावरचं बघितलं आणि बहिणीकडे न बघता मला म्हणाले, की ही ओतत असेल सगळं त्यात, ताईची नजर चुकवून. सोपा हिशोब आहे.

मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या कामावर कोणी बोट ठेवलं की मला राहवत नाही. मी त्यांना कीबोर्ड सुलटा करून दाखवला. वरची एकूण एक बटणं कोरडी, स्वच्छ. वरून ओतलं असतं तर डाग पडले असते, बटणं चिकटली असती. हे वरून गेलेलंच नाही. मग त्यांच्यासमोर तो चावलेला गोळा धरला.

“ताईचे दात आहेत हे?” त्यांनी बहिणीला विचारलं. आल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलले.

“ताईला दात कुठे होते रे दादा,” बाई म्हणाल्या. “ऑपरेशननंतर कवळीसुद्धा बसेना तिला. तू विसरलास?”

दादा खाली बसले. दुकानात दुसरं स्टूल नाही. ते पायरीवरच बसले.

मी साफ करत राहिलो. चमच्याने खरवडून लगदा डब्याच्या झाकणात काढला. तो डबा मी नंतर फेकला, बायकोला सांगितलं हरवला. पंखा उघडला. पात्यांना पांढरे केस गुंडाळलेले, आणि केसांच्या गुंत्यात एक दाढ. अख्खी, मुळासकट. मधोमध खड्डा, आणि खड्ड्यात जुनं काळं सिमेंट भरलेलं. दोघं भावंडं तिच्याकडे बघत राहिली. आमच्या घरात अशी दाढ कोणाचीच नाही, म्हणाली. मी ती स्क्रू ठेवायच्या बशीत ठेवली.

आता माझी चूक सांगतो. आमच्या पिढीच्या कारागिरांना एक घाणेरडी खोड आहे. बोर्डावर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती जिवंत आहे का हे मीटरवर बघण्याआधी आम्ही तिची कड जिभेला लावतो. झिणझिणलं तर जीव आहे. माझ्या उस्तादांनी हेच शिकवलं आणि मी तीस वर्षं हेच करत आलो. हात आपोआप जातो. त्या दिवशी मी ती बॅटरी काढली, पँटवर पुसली आणि जिभेला लावली.

झिणझिणी आली नाही. चव आली. गोडसर, नासकी, पावाची. आणि माझं तोंड लाळेने भरलं. थुंकायला बेसिनकडे धावलो, थुंकलो, पुन्हा भरलं. ती लाळ माझी नव्हती. आपली लाळ आपल्याला जाणवत नाही. ही मला घट्ट लागत होती, आणि थंड.

चूळ भरून परत आलो. दोघं माझ्याकडेच बघत होते. शेवटचा उपाय राहिला होता. मुख्य बॅटरी बाहेर, अडॅप्टर बाहेर, आणि सुरू करायचं बटण तीस आकडे दाबून धरायचं, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाते. मी बटण दाबलं आणि मोजू लागलो. लाँड्रीची घरघर तेवढ्यात थांबली. त्यांची पाळी संपली असावी. तळघरात माझे आकडे तेवढे ऐकू येत होते.

बावीसला स्पीकरमध्ये खरखर झाली.

“...ठेवत नाही.”

पडदा काळा. वायर माझ्या पायाशी. बॅटरी टेबलावर, माझ्यापासून हातभर लांब. माझं बोट बटणावरून निघेना.

“धाकटी मला उपाशी ठेवत नाही,” तो सपाट बायकी आवाज म्हणाला. “ती भरवते. माझ्या घशातून खाली जाईपर्यंत... हा ओढून घेतो. बोटांतून. दादा, तिला सांभाळ.”

बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते. दादा पायरीवरून उठले, त्यांनी डॉक्टरांचा कागद चार वेळा घडी करून खिशात कोंबला आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. चुकलो म्हणाले नाहीत. तिची पिशवी उचलली आणि “चल धाकटे, घरी चल,” एवढंच म्हणाले. मला हायसं वाटलं. वाटलं, झालं, संपलं.

पण मशीनचं संपलं नव्हतं. थोडं थांबून त्याच आवाजात, पण घाईने, तोंडात घास असल्यासारखं ते म्हणालं, “भूक.”

तेव्हा कुठे माझं बोट सुटलं.

लॅपटॉप त्यांनी नेला नाही. मी नेण्याचा आग्रहही केला नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फुकट दिला. त्याने उचलला आणि म्हणाला, आत काय दगड भरलेत का साहेब. बशी धुवायला घेतली तर स्क्रू सगळे जागेवर होते. दाढ नव्हती. मी टेबलाखाली, केराच्या डब्यात, बुटांच्या तळव्यांवर, सगळीकडे शोधली.

त्याला आता पाच आठवडे झाले. मधे खालच्या बाजूला हिरडी ठणकू लागली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आरसा घालून पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाल्या, तुम्हाला एक दाढ जास्त आहे, असते एखाद्याला. मग विचारलं, हिच्यातलं काळं सिमेंट कुठे भरून घेतलंत? असं भरणं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच बंद झालंय. मी आयुष्यात एकही दात भरून घेतलेला नाही. काढून टाका म्हणालो तर त्यांनी पकड लावली, आणि सोडून दिली. म्हणाल्या, मूळ फार खोल गेलंय.

जेवण माझं उत्तम आहे. बायको म्हणते, हल्ली दुप्पट जेवता. आणि पट्ट्याला मी मागच्या महिन्यात दोन नवी भोकं पाडली, आतल्या बाजूला. दुपारी दुकानात डबा खाताना माझा डावा हात कुठे असतो हे मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. आता बघतो. तो माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर असतो.

हो, धरा दिवा. जरा खाली. दिसली? काळी, मागून दुसरी. बोट नका लावू.

आणि तो माझा लॅपटॉप परवापासून चालू होत नाहीये. अडॅप्टर ठणठणीत आहे, मी पाहिला. चार्जिंगचा दिवा लागत नाही. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर काढून ठेवलाय. पहिले तीन स्क्रू काढलेत.