सावकाश चालणारी बाई

भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. 'माझ्या मावशीच्या शेजारणीने पाहिलं' अशी सुरुवात करतात आणि दोन प्रश्न विचारले की चहाच्या कपात बघत बसतात. आज त्याच माणसांच्या रांगेत मी उभी आहे, याची मला लाज वाटते.

पण हे घडलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. दुपारी एक वाजता आम्ही लॉख अर्नॅग या तळ्याच्या काठाने चालायला निघालो. स्वच्छ ऊन होतं. आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, आणि स्कॉटलंडात ही बातमी असते.

मी आयल्सा. तेव्हा एकसष्ट वर्षांची, पोस्टातून निवृत्त. दर शनिवारी आम्ही तिघं मित्र कुठल्यातरी रानातून, नदीकाठाने सात-आठ मैल चालतो. मित्र म्हणजे काय, आमच्या गावात आमच्या वयाची, दोन्ही पाय धड असलेली एवढीच माणसं उरली होती.

डूगल रस्तेखात्यात मोजणीदार होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गळ्यात नकाशा आणि शिट्टी. वाट एकच असली तरी हा नकाशा उघडणार, बोट फिरवणार आणि जाहीर करणार, "सरळ."

आणि रोना. नवरा गेल्यापासून आमच्यात आलेली. मेंढी आडवी आली तरी तिची माफी मागणारी. दर पन्नास पावलांवर थांबायची. शेवाळ बघ, पक्षी बघ. खिशातून घरी केलेली दूध-साखरेची वडी काढून द्यायची, तिला हातमोज्याची लोकर चिकटलेली असायची. तोंडाने मी तिला मैत्रीण म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

"रोना, येतेस की तिथेच घर बांधतेस?" मी हाक मारली.

"आले गं. गुडघा जरा..."

"पुढच्या वेळी गुडघा घरी ठेवून ये," डूगल म्हणाला.

ती हसली. स्वतःवरच्या विनोदाला ती नेहमी हसायची. मला तेच सगळ्यात जास्त खटकायचं.

तळ्याभोवतीची वाट अरुंद आहे. डाव्या हाताला पाणी. उजव्या हाताला हरणं अडवायला घातलेलं माणसापेक्षा उंच तारेचं कुंपण. मधून कुठेच फाटा नाही.

जुन्या होडीघराच्या पुढे, वळणावर... समोरून एक माणूस आला.

तपकिरी कोट, टोपी, साठीचा असावा. त्याची पँट गुडघ्यांपर्यंत ओली होती.

"छान कोरडा दिवस आहे," डूगल म्हणाला. आमच्याकडे वाटेत भेटेल त्याला हवामान सांगायची पद्धत आहे.

माणूस थांबला. "आमच्यातली एक बाई मागे राहिली," तो म्हणाला. "सावकाश चालते. आम्ही पुढे निघून आलो. दिसली का तुम्हाला?"

"नाही बुवा," डूगल म्हणाला.

मला गप्प बसता आलं असतं.

"सावकाश चालणारी एक आमच्याकडे आहे," मी म्हणाले. "हवी असेल तर घेऊन जा."

डूगल खो-खो हसला. रोनासुद्धा हसली.

तो हसला नाही. त्याने रोनाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"खरंच देता?"

"आनंदाने."

"आधी तिकडे बघून येतो," तो म्हणाला आणि आम्ही आलो होतो त्या दिशेने निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चप... चप... चप...

पाऊण तास आम्ही चाललो. कोणी आम्हाला मागे टाकून गेलं नाही. याबाबत मी कोणाचंही काही ऐकून घेणार नाही.

आणि ओकच्या झाडांखाली, समोरून... तोच माणूस आला.

तोच कोट. तीच टोपी. आता तो छातीपर्यंत भिजलेला होता.

"नाही सापडली," तो म्हणाला.

मी एक पाऊल मागे सरले. डूगलने मात्र घसा साफ केला. या माणसाला आयुष्यात कधी कशाचं आश्चर्य वाटलेलं नाही. त्यासाठी डोकं लागतं.

"हिचं नाव काय?" माणसाने रोनाकडे बोट दाखवलं.

"रोना," डूगलने सांगून टाकलं. सरकारी अर्ज भरल्यासारखं.

"तुम्ही किती गारठलात हो," रोना त्याला म्हणाली आणि वडी पुढे केली. त्याने हात लावला नाही. मान झुकवून तो तिच्या बाजूने निघून गेला.

"पोहत पुढे आला असणार," डूगल मला म्हणाला. "जुळे भाऊही असतील. लोकांना काही उद्योग नसतात."

"चल भरभर," मी म्हणाले.

आम्ही दोघांनी वेग वाढवला. मागून रोनाचं "आले, आले" ऐकू येत होतं. मी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं की थांबावं लागतं.

मग हळूहळू जाणवलं...

पक्षी ओरडत नव्हते. वारा पडला होता.

"आले, आले" थांबलं होतं.

"डूगल, रोना कुठे आहे?"

त्याने नकाशा उघडला. शपथेवर सांगते, या माणसाने नकाशा उघडला.

मी उलट पळत सुटले. तो मागून धापा टाकत आला. ओकच्या झाडांपाशी रोनाची पिशवी वाटेवर नीट ठेवलेली होती.

ती पाण्यात होती. काठापासून तीसेक फूट आत, कमरेइतक्या पाण्यात, आमच्याकडे पाठ करून. एकटीच होती. तिचा उजवा हात बाजूला आणि जरा वर धरलेला होता...

आपल्यापेक्षा उंच माणसाचा हात धरावा तसा.

"रोना, परत ये," मी ओरडले. तिने एक पाऊल पुढे टाकलं. सावकाश.

डूगलने शिट्टी वाजवली. मग म्हणाला, "आयल्सा, पुढे खोली एकदम वाढते. नकाशात आहे." आणि काठावरच उभा राहिला.

मी पाण्यात शिरले. थंडीने श्वास अडकला. तिच्यापर्यंत पोहोचून मी तिचा डावा हात पकडला आणि ओढला.

पलीकडूनही ओढ लागली.

जोराची नव्हती. लहान मुलाला शाळेत नेताना आई हाताला ओढते, तशी. शांत, खात्रीची.

"सोडा तिला," मी म्हणाले. कोणाला म्हणाले, ते मला दिसत नव्हतं. "मी थट्टा केली होती. ती आमची आहे."

ओढ थांबली. हात मात्र सुटला नाही.

मग माझ्या कानाशी, अगदी कानाशी...

"मग कोण?"

मी विचार केला, असं मला सांगायला आवडलं असतं. मी केला नाही.

"डूगल," मी म्हणाले.

हात सुटला. आम्ही दोघी पाठीमागे पाण्यात आपटलो.

गाडीत हीटर लावून बसलो तेव्हा रोना आधी थरथरत होती, मग रडली. तिला एवढंच आठवत होतं की एका सभ्य गृहस्थाने विचारलं, जरा फिरायचं का.

"माझ्या चालीने चालत होता गं," ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून माझ्याबरोबर असं कोणी चाललं नव्हतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या तळ्यात पूर्वी कोणी बुडालं होतं का, हे मी तिथल्या जुन्या माणसांना विचारलं. कोणाला काही माहीत नाही. त्या माणसाला कधी कोणी पाहिलेलं नाही. ती मागे राहिलेली बाई कोण, तेही कळलं नाही.

आम्ही अजून दर शनिवारी चालतो. तळ्यावर जात नाही, नदीकाठाने जातो. रोनाचा गुडघा बरा आहे, हल्ली ती माझ्या बरोबरीने चालते.

डूगल मागे पडतो.

आधी दहा पावलं पडायचा. मग शेताएवढं अंतर. डॉक्टरांनी पाय तपासले, हृदय तपासलं. काही सापडलं नाही. मला तो आजही सहन होत नाही. त्याची कीव येते असंही नाही. तरी मी थांबते. दर वेळी थांबते आणि तो दिसेपर्यंत श्वास रोखून उभी राहते.

गेल्या शनिवारी रोना पुलावर पुढे गेली होती. डूगल माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आयल्सा, त्या दिवशी पाण्यात तू काय बोललीस?"

"काही नाही."

"मला वाटलं, माझं नाव ऐकलं."

तो नदीकडे बघत होता. कोणीतरी बोलत असताना बघावं तसा.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी येतो."

आणि मी गेले.

पुलावर आम्ही दोघी वीस मिनिटं उभ्या होतो. रोना त्याला हाका मारत होती. मला त्याचं नाव घ्यायचं धाडस होईना.

या वेळी तो आला.