आसुढाळ शिंगरू

तांबकडा किल्ल्यावर त्या दिवशी सूर्याआधी धूळच वर आली. वेढा उठला होता, शिबंदीचा पगार थकला होता, आणि तो चुकवण्यासाठी वेढ्यात कामी आलेल्या सरदारांच्या पागा लिलावात काढायचे ठरल्यामुळे उरलीसुरली जनावरे पहाटेपासून सदरेपुढे आणून बांधली जात होती. त्यांत सुभानजी घोरतळ्यांचे दोन वर्षांचे अबलख शिंगरूही होते. सुभानजी तटावर पडले. त्यांच्या पत्नी दर्याबाई माहेराहून जी घोडी घेऊन आल्या, तिचे हे पिल्लू. घोडी विताच मेली, तेव्हा बाईंनी त्याला वाटीने दूध पाजून जगवले. मूलबाळ नाही, धनी गेलेले. जीव लावायला त्यांना दुसरे होते तरी कोण?

कारभारी त्र्यंबकपंतांची मात्र या शिंगरावर केव्हाची नजर. दसऱ्याच्या शर्यतीत आपल्या एकुलत्या एका लेकाने यावर मांड ठोकावी, अशी त्यांची हौस. पण वाजवी मोल मोजायचे म्हटले की पंतांचा हात आखडे. म्हणून त्यांनी पागेच्या दाऊद चाबुकस्वाराला दरडावून कामाला लावले होते.

दाऊदने शिंगराचे तोंड वर धरले आणि खालमानेने सांगितले, "सरकार, जनावर आसुढाळ आहे. डोळ्याखाली भोवरा. ज्याच्या दावणीला हे, त्याच्या घरी रडारड."

सरदार मंडळी दोन पावले मागे सरली. पंतांच्या माणसाने लगेच कवडीमोल बोली लावली.

चिकाच्या पडद्याआड सासूबाईंशेजारी बसलेल्या दर्याबाईंच्या अंगाची लाही झाली. काल सांजेला त्यांनी स्वतः ते तोंड पुसले होते. कसला भोवरा नि कसले काय! केस डिंकाने वळवले होते. पाण्याचा एक हबका, की लबाडी उघडी. पण मग? मग अशा निर्दोष जनावरावर सारी सदर तुटून पडली असती, आणि बाईंजवळ उरला होता एक चंद्रहार.

त्या पडदा सारून बाहेर आल्या. "माझी बोली या चंद्रहाराची."

"बाईसाहेब," पंत गडबडले, "अशुभ खूण आहे. आपण कशाला हात घालता?"

"खूण खरी आहे, कारभारी. जन्मापासून पाहते आहे मी. हे जन्मले तशी याची आई गेली, आणि आता माझे धनी गेले. आता तुमच्या माणसाने भर सदरेत सांगावे, तो हे कोणाच्या दावणीला बांधणार? ज्याचे नाव घेईल, त्याच्या घराचा देवच वाली!"

साऱ्यांचे डोळे पंतांशेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकाकडे वळले. पंतांच्या तोंडचे पाणी पळाले. स्वतःच पेरलेली लबाडी, आता खोटी म्हणणार कशी? "द्या," ते पुटपुटले, "बाईसाहेबांनाच देऊन टाका."

दर्याबाईंनी लगाम हाती घेतला, तोच पडद्यामागून सासूबाईंचा आवाज आला. धनी गेल्यापासून ह्याच माउलीने सुनेला पोटाशी धरले होते.

"जन्मापासून ठाऊक होते तुला? आणि माझ्या लेकाच्या दावणीला तू ते ठेवलेस? दर्या, पुन्हा माझा उंबरा चढू नकोस."

दर्याबाईंच्या ओठांवर सारे आले होते. त्यांनी ते गिळले आणि त्या गड उतरल्या.

नदीकाठच्या वस्तीत त्यांनी खोपटे घातले. आसुढाळाजवळ कोणी फिरकेना, पाणवठ्यावर बाया त्यांना वाट सोडून उभ्या राहत. शिंगराचा घोडा झाला, वारा प्यालेला; पण शर्यतीला त्याला कोण बोलावणार? पहाटे वाळूतून बाईच त्याला पळवीत. अंगात नुसता आनंद भरे, आणि तो सांगायला भोवती चिटपाखरू नसे.

एका दुपारी दाऊद आला आणि पायांशी बसून रडला. "बाईसाहेब, गडावर धन्यांच्या आईसाहेबांनी अंथरूण धरलंय. निदान त्यांना तरी खरं सांगू द्या."

"त्या गप्प बसायच्या नाहीत, दाऊद. आनंदाने साऱ्या गडाला ओरडून सांगतील. खूण खोटी ठरली की लिलावही खोटा ठरेल, आणि पंत दुसऱ्या दिवशी घोडा सोडून नेतील."

दाऊदने डोळे पुसले.

"माझी आठवण काढतात?"

"नाही, बाईसाहेब. नावसुद्धा काढू देत नाहीत."

"बरं," दर्याबाई म्हणाल्या. मग घोड्याच्या मानेत तोंड खुपसून त्या हमसून हमसून रडल्या, आणि दाऊद निघून गेला तरी त्यांनी मान वर केली नाही.