थिजलेल्या मिठातला आवाज

ऐकीव गप्पा नाहीत या. माझ्या क्षमाआत्यानं हे स्वतः भोगलं. तारीखही तिला पाठ होती.

१४ मार्च १९६४, शनिवार. भरदुपार.

कानडी मुलखात, जयनगरच्या पलीकडे तेव्हा एक खासगी प्रयोगशाळा होती. तिथे भट्टीत क्षार वितळवत. त्यात नारळाच्या करवंट्यांचा कोळसा टाकून वाफ सोडत. त्यातून जळणारा वायू निघे. भट्टी देवाप्पा सांभाळायचे, नोंदी आत्या ठेवायची.

तीन आठवड्यांपूर्वी देवाप्पा त्याच खोलीत वायूनं गुदमरून गेले होते.

खिडक्या मालकांनी, शेषगिरीरावांनी, खिळे ठोकून बंद करवल्या होत्या. धूळ येते म्हणून. आता त्यांनी आत्यापुढे कागद ठेवला. खिडक्या देवाप्पांनीच बंद केल्या, असा जबाब. सही नाही, तर नोकरी नाही.

"स्वल्प... जरा समजून घ्या," म्हणाले आणि जेवायला गेले.

आत्या एकटी उरली.

देवाप्पा गेले त्या दिवसापासून भट्टी गार होती. आतलं मीठ थिजून दगड झालेलं. ढवळायची लोखंडी सळई त्यातच रुतलेली.

आणि तरी...

खर्र... खर्र...

कुणीतरी ढवळत होतं.

आत्या जवळ गेली. सळई हलत नव्हती. आवाज आतून येत होता.

मग खोकला... ओळखीचा.

मग भट्टीतला वायू जिथे जाळून बघत, त्या बर्नरवर निळी ज्योत उभी राहिली.

वायूची चावी बंद होती.

 आत्या पळाली नाही.

"देवाप्पाण्णा, मला भिववू नका. मी सही करणार नव्हतेच. तुम्ही आला नसता तरी."

आवाज थांबला नाही. आत्याही थांबली नाही. पक्कड घेऊन तिनं एकेक खिळा उपटला, खिडक्या सताड उघडल्या. कागद उलटा करून खरं काय ते लिहिलं, आणि त्याखाली सही केली.

शेषगिरीराव परतले. ज्योत पाहून, भट्टी कुणी पेटवली, विचारलं. भट्टीला हात लावला... गार दगड.

तसेच मागे फिरून बाहेर गेले.

आत्याची नोकरी गेली. पण खिळे आणि कागद तिनं पोलिसांकडे दिले. देवाप्पांवरचा ठपका पुसला गेला.

मी रसायनशास्त्र शिकवतो. नळीत उरलेला वायू पेटला असेल, असं मी तिला एकदा म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "म्हणून ज्योतीवर हात धरला. गार होती रे."

आत्या आता नाही.

दुपारी प्रयोगशाळेत एकटं बसायचं मी टाळतो...