मोकळ्या केसांची बाई

डोंगरातल्या त्या वस्तीत ती शिवणकाम करायची. सगळे तिला मावशी म्हणत. त्या दिवशी ती एका पोरीच्या फ्रॉकला बाही जोडत बसली होती. भर दुपार, पण धुकं असं उतरलेलं की दारापुढचा कट्टाही दिसेना. त्या धुक्यातून शहरातला एक कॅमेरावाला आत आला.

डोंगरातल्या लोकांवर कार्यक्रम करतोय, म्हणाला. बोलायला गोड होता. मावशीनं चहा दिला. मग तो हळूच मुद्द्यावर आला. मावशीनं केस मोकळे सोडून दरीच्या कडेला उभं राहायचं, हातात कंदील घ्यायचा आणि इथल्या बायका माणसाला कशा झपाटतात ते सांगायचं.

"घरात वीज आहे. कंदील कशाला?"

"लोकांना तेच बघायचं असतं हो, मावशी."

"लोकांना नाही. तुम्हाला."

तिनं केस घट्ट बांधले आणि पुन्हा मशीनवर बसली. चित्र काढायचं तर या शिवणाचं काढा म्हणाली, नाहीतर वाट मोकळी आहे. त्यानं नाराजीनंच कॅमेरा लावला. मशीन खडखडू लागलं. आणि खोलीत ओल्या केसांचा वास पसरला... कुबट, जड.

कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"तुमच्या मागे... कोण उभी आहे?"

मावशीनं वळून पाहिलं. मागे नुसती भिंत. ती उठून त्याच्या पडद्यात डोकावली. तिथे एक बाई होती. केस मोकळे, हातात कंदील, तोंड भिंतीकडे. त्याला हवी होती अगदी तशी.

मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला, पण आवाज हलला नाही.

"ही आमच्यातली नाही. इथल्या बाई न् बाईचं माप मी घेतलंय, पाठीवरून ओळखते. तुम्ही आणलीत, तुम्हीच घेऊन जा."

तो धडपडत गाडीकडे पळाला. वासही त्याच्यामागे निघून गेला.

चार दिवसांनी मावशीच्या दारावरच्या शिवणकामाच्या पाटीवरच्या नंबरावर त्याचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"मावशी, ती घरी आलीय... तिला परत बोलवा."

"परत? इथली होती कधी ती? कोण आहेस, म्हणून विचारलंत का तिला?"

"विचारलं..." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "माझ्या आईच्या आवाजात बोलते. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, मावशी."

मावशी काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या मागून एक बाई बोलली. शहरातलं स्वच्छ बोलणं, आणि कमालीची माया.

"कुणाशी बोलतोयस, बाळा? त्या डोंगरातलीशी? ठेव तो फोन... भूल घालतात त्या."