केसरबाईंचे शिंपले आणि तीन टोपल्या

"अरे, हळू! टोपली जोरात सोडशील तं शिंपले फुटतील ना!" रिना काठावरून ओरडली.

नाल्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या चंदनने टोपली दगडांमध्ये नीट अडकवली आणि दात काढले. "शिंपल्यांची एवढी काळजी! माही तं कोणी करून नाई राह्यलं!"

"तुले काय होते? तू तं म्हशीसारखा पडून राह्यतं पाण्यात!" पियुष म्हणाला. चंदनने त्याला असा भिजवला की काही विचारू नका! बरं तर बरं, नोंदींची वही रिनाकडे होती.

दिवाळीच्या सुट्टीत फटाके सोडून ही पोरं नाल्यात टोपल्या का सोडत होती? कारण होत्या केसरबाई.

केसरबाई मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात रिनाच्या शेजारी राहायच्या. शिंपले वेचावेत ते केसरबाईंनीच! रात्रभर ते स्वच्छ पाण्यात ठेवायचे, पोटातली माती ओकू द्यायची, मग उकडून बाजारात न्यायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कोणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. पण गेल्या बाजारानंतर चार घरांत उलट्या सुरू झाल्या. झालं! गावाने सारं खापर त्यांच्यावर फोडलं. सरपंच सोमाजीभाऊंनी त्यांचं बाजारात बसणंच बंद केलं.

"धान कापले का जिवतीले जाईन, पोरीकडं. कायमची," केसरबाई म्हणाल्या. "इथी कोणते तोंड दाखवू?"

पण केसरबाई पुढे जे बोलल्या, ते रिनाने बरोब्बर हेरलं. "चांगल्या शिंपल्याची कलेजी हिरवट-काळी असते, घट्ट. यंदा नाल्याच्या वळणावरच्या शिंपल्यांची फिक्की निंघाली. मले वाटलं, उन्हानं असंन. चुकलंच माहं."

रिना धावत दिव्यानीताईकडे गेली. ताई चंद्रपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला गावी आली होती. ऐकताच ती टुणकन उठून बसली!

"अगं, शिंपला दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न खातो. पाण्यात विष असेल तर तेही त्या कलेजीत साठतं. पाचकग्रंथी म्हणतात तिला. केसरबाईंनी नुसत्या डोळ्यांनी ओळखलं, ते आपण सूक्ष्मदर्शकातून पाहू!"

म्हणून या तीन टोपल्या! एक वर जंगलाच्या अंगाला, एक वळणावर, एक खाली पुलाशी. तिन्हींत जंगलाकडचेच निरोगी शिंपले. आठ दिवसांनी ताईने प्रत्येक टोपलीतल्या शिंपल्यांच्या ग्रंथी, सडू नयेत म्हणून, औषधाच्या बाटल्यांत भरल्या आणि एसटीने चंद्रपूर गाठलं. पाचव्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो घेऊन परतली.

जंगलाकडच्या टोपलीतल्या शिंपल्यांच्या पेशी रोवणीच्या धानासारख्या एका ओळीत उभ्या होत्या. वळणावरच्या? बापरे! काही फुगलेल्या, काही फुटलेल्या, ओळीचा पत्ताच नाही. पुलाशी नासधूस थोडी कमी होती.

"म्हंजे विष वळणावरच येऊन राह्यलं!" पियुष ओरडला.

तिघं पोरं वळणावरच्या झुडपांत दबा धरून बसली. दुपारी लच्छूभाऊ आले. फवारणीचे पंप भाड्याने देणारे हे गृहस्थ! धानावरच्या तुडतुड्यांवर मारायच्या औषधाचे डबे त्यांनी वळणावर खळखळून धुतले आणि शीळ घालत निघून गेले.

रिनाने सरपंचांना सांगितलं, तर लच्छूभाऊ उसळले. "मी तिथी काई धुतच नाई! अन् धुतलं तरी, वाहतं पाणी कधी बाटते का?"

"पोरांचे खेळ हे!" सोमाजीभाऊ म्हणाले.

रिना घुश्शात घरी आली. मग एकदम हसली!

ग्रामसभेत तिने लच्छूभाऊंसमोर उकडलेल्या शिंपल्यांच्या तीन थाळ्या मांडल्या. "भाऊ, ही जंगलाकडची, ही वळणावरची, ही पुलाजवळची. पाणी निर्मळ आहे ना? मंग खा!"

लच्छूभाऊंनी पहिल्या थाळीतला शिंपला मिटक्या मारत खाल्ला. वाहत्या पाण्याच्या भरवशावर पुलाजवळचाही खाल्ला. मधल्या थाळीवर मात्र हात थबकला.

"खा ना भाऊ! काऊन थांबले?"

"नको... तिथले नको."

"तिथी काई धुतच नाई म्हणले ना तुम्ही?"

"अरे, रोजचे डबे तिथीच तं..." लच्छूभाऊंनी जीभ चावली. पण तीर सुटला होता! सभा खो खो हसली.

"तिन्ही थाळ्या जंगलाकडच्याच आहेत," रिना म्हणाली. "विषारी शिंपले आम्ही कोणाले खाऊ घालू का?"

दिव्यानीताईने फोटो सर्वांना दाखवले. हसणं थांबलं. लच्छूभाऊंची मान खाली गेली. यापुढे डबे नाल्यावर न्यायचे नाहीत, असं त्यांनी सभेत कबूल केलं. वळणापासून खालचं पाणी ठीक होईपर्यंत शिंपले जंगलाकडचेच वेचायचे, असंही ठरलं. सोमाजीभाऊ उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी केसरबाईंना हात जोडले. "चुकलो बाई. शुक्रवारी तुम्ही बाजारात बसाचं. पहिलं गिऱ्हाईक मीच! अन् पोरंहो, शाब्बास! मोठ्यायले नाई दिसलं, ते तुम्ही दाखवलं."

"आमची कुठली शाब्बासकी?" ताई म्हणाली. "मला हे शिकायला चार वर्षं आणि एवढं मोठं यंत्र लागलं. केसरबाईंनी ते नुसतं बघून ओळखलं! कॉलेजात द्यायच्या अहवालावर पहिलं नाव त्यांचंच राहील."

केसरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि रिनाला जवळ ओढलं.

"जिवतीले फोन लाव वं पोरी," त्या म्हणाल्या. "माह्या लेकीले सांग, मी काई येत नाई. यंदा तूच ये माहेरी!"